त्रिशलाला विचारा

‘उठून बसा काकू. आता जरा पुढं वाका. साडी कुठं खोचता ते हात लावून दाखवा,’ असं म्हणत सिस्टरनं आईच्या पोटावर, डाव्या बाजूला, काळ्या मार्करनं एक गोल काढला आणि त्यात फुली मारली.

आई मान खाली घालून त्या फुलीकडे बघत राहिली. तीन वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनचा व्रण तिच्या पोटावर वरपासून खालपर्यंत गेला होता. फुली त्याच्यापासून चार बोटांवर होती.

‘आता मोजणीवाले येणार काय?’ कांचनमावशी म्हणाली. ‘फुली झाली, खुंटी तेवढी ठोकायची राहिली.’

‘हिची जीभ आधी काढून घ्या म्हणावं डॉक्टरांना,’ आई म्हणाली. मग सिस्टरला म्हणाली, ‘इथं परकराची नाडी येते हो. दोन बोटं खाली घ्या की.’

सिस्टरनं स्पिरिटच्या बोळ्यानं फुली पुसली आणि खाली दुसरी काढली. ‘पिशवी लागेलच असं नाही. पण लागली तर जागा आधी ठरवलेली बरी असते.’

‘लागणार नाही,’ मी म्हटलं. ‘तिला ती नकोच आहे.’

सिस्टरनं आईकडे पाहिलं. आई नाडी बांधत होती.

ही आठ वर्षांपूर्वीची डिसेंबरमधली गोष्ट. हॉस्पिटल कोल्हापुरातलं, आमचं गाव तिथून तासाभराच्या अंतरावर. आईच्या अंडाशयाचा कॅन्सर तीन वर्षं गप्प राहून परत आला होता. स्कॅनमध्ये तीन ठिकाणी गाठी दिसत होत्या. त्यातली एक ओटीपोटात, मोठ्या आतड्याच्या शेवटाला चिकटलेली होती. मी पुण्यात कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करत होते. या आजारावर जे वाचायला मिळालं ते सगळं वाचून, वही भरून मी आले होते. ऑपरेशन करणाऱ्या डॉ. नाडगौडाबाईंनी त्या वहीतलं सगळं एका वाक्यात सांगितलं.

‘दुसऱ्यांदा पोट उघडायचं तर सगळं निघालं पाहिजे. थोडं जरी मागं ठेवलं, तर न उघडल्यासारखंच.’

त्यांनी आणखी एक सांगितलं होतं. आधी दुर्बिणीतून बघणार. काढण्यासारखं नसेल तर तासाभरात बंद करून बाहेर येणार. ‘म्हणजे आम्ही लवकर बाहेर आलो तर आनंद मानू नका.’

पिशवीचं त्यांनी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी, संमतीचा कागद समोर ठेवून सांगितलं. आतड्याचा तो तुकडा काढावा लागला, तर एवढ्या खाली पुन्हा जोडणं धोक्याचं होतं. मग शौचाची वाट पोटावर काढायची आणि तिथं पिशवी लावायची. बहुतेक कायमची.

‘नको,’ आई म्हणाली.

‘पुष्कळ लोक लावतात, राजमतीताई. प्रवास करतात, शेतात जातात.’

‘कळलं हो. पण नको.’

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. त्यांनी कागदावर ‘तूर्त तयारी नाही’ असं लिहून तारीख घातली.

कारण मला माहीत होतं. चातुर्मासात गावात आमचे जैन मुनिमहाराज आले की आमच्या घरी चौका लागे. म्हणजे त्यांच्या आहारासाठी वेगळा, सोवळ्यात केलेला स्वयंपाक. विहिरीचं पाणी गाळून आणायचं, पीठ घरी दळायचं. सकाळी महाराज रस्त्यावरून येताना दिसले की घरच्या बाईनं दारात उभं राहून त्यांना विनवायचं आणि मोठ्यानं सांगायचं, की आमचं मन शुद्ध आहे, वाचा शुद्ध आहे, काया शुद्ध आहे, अन्नपाणी शुद्ध आहे. ते ऐकल्यावरच ते आत येत आणि उभ्यानं, ओंजळीत आहार घेत. आई लग्न होऊन आली त्या वर्षापासून आमच्या दारात तीच उभी राहत आली होती. पोटावर मळाची पिशवी बांधून ‘काया शुद्ध आहे’ असं ती कशी म्हणणार?

तीन वर्षांपूर्वी मी असलं काही ऐकून घेतलं नव्हतं. तेव्हा ती ऑपरेशनला नको म्हणाली, केमोच्या सलाईनला नको म्हणाली, आणि मी दर वेळी तिला गाडीत घालून घेऊन आले. चौथ्या सलाईननंतर न्हाणीघरात तिच्या केसांची शेवटची झुलपं हातात आली, तेव्हा ती शांतपणे म्हणाली होती, ‘त्रिशला, या देहाचं मला कुणी विचारलंच नाही बघ.’ त्या वर्षी आमच्या दारात चौका लागला नाही. आई बरी झाली, पुढची दोन वर्षं पुन्हा दारात उभी राहिली, पण ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. या खेपेला तिचा शब्द मोडायचा नाही असं मी ठरवून आले होते.

संध्याकाळी मी औषधं घेऊन खोलीत आले, तेव्हा आई आणि मावशी डोक्याला डोकं लावून काहीतरी बोलत होत्या. मला बघून थांबल्या.

‘काय चाललंय?’

‘तुझी निंदा,’ मावशी म्हणाली. ‘बस, तूपण ऐक.’ पण पुढं काही बोलली नाही. जरा वेळानं चटई उचलून बाहेर व्हरांड्यात गेली.

आई म्हणाली, ‘दुपारी डॉक्टरीणबाईंसमोर तू काही बोलली नाहीस.’

‘कशाचं?’

‘पिशवीचं.’

‘तू नको म्हणालीस ना. शरीर तुझं आहे, आई. मी कोण बोलणार?’

तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, तिला बरं वाटलं असावं.

‘व्हय,’ ती म्हणाली, आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तिला आत नेलं. बाहेर लोखंडी खुर्च्यांच्या रांगा होत्या आणि भिंतीवर एक मोठं घड्याळ. आप्पा, म्हणजे माझे वडील, त्या घड्याळासमोरच बसले. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर, ट्रॅक्टरांच्या धडधडाटात तीस वर्षं काढल्यामुळे त्यांना ऐकायला फार कमी येई, पण काट्यावरची नजर पक्की होती.

‘बाराला काय असतंय?’ त्यांनी विचारलं. मी सतत घड्याळ बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, की तासाभरात डॉक्टर बाहेर आले तर वाईट.

‘म्हणजे उशीर झाल्याला चांगलं म्हणायचं?’

‘हो.’

‘उलटंच हाय की सगळं,’ ते म्हणाले, आणि धोतराचा सोगा गुडघ्यावर घेऊन पुन्हा घड्याळाकडे बघत बसले.

आमच्या शेजारी इचलकरंजीचं एक कुटुंब होतं. त्यांचा माणूसही आमच्याच वेळेला आत गेला होता. पावणेबाराला दार उघडलं आणि त्यांचं नाव पुकारलं. ‘झालंसुद्धा?’ त्यांची सून आनंदानं उठली. ते सगळे डाव्या हाताच्या छोट्या खोलीत गेले. दार बंद झालं. नंतर ते बाहेर आले तेव्हा सुनेनं पदर तोंडात धरला होता, आणि मागून येणारा म्हातारा सगळ्यांना विचारत होता, ‘अरे, पण काढलं का नाही? काढलं का नाही?’

मावशीनं माझा हात धरला. बारा वाजले. सव्वाबारा. कुणी आमचं नाव घेतलं नाही. साडेबाराला आप्पा पहिल्यांदा हसले.

‘उशीर व्हायला लागला,’ ते म्हणाले.

दोन वाजले, तीन वाजले. माझी वही मांडीवर होती, पण मी ती उघडली नाही. चारच्या सुमाराला एक वॉर्डबॉय रक्ताच्या दोन पिशव्या घेऊन आत गेला. कुणाच्या ते त्यानं सांगितलं नाही. मावशी ओठातल्या ओठात णमोकार म्हणत होती. तिनं सकाळपासून पाण्याचा थेंबही घेतला नव्हता, कारण हॉस्पिटलात ती खात-पीत नसे. जेवणाची सोय मागच्या बोळात, आमच्या ओळखीच्या मगदुमांकडे केलेली होती. डिसेंबरचे दिवस, सूर्य सहालाच मावळे, आणि मावळतीच्या बरंच आधी तिचं जेवण व्हायला हवं. पावणेपाच झाले तरी ती उठेना.

‘जा मावशी, नाहीतर उद्या सकाळपर्यंत उपास.’

‘असू दे. एक दिवस न्हाई जेवलं तर मरत न्हाई मी.’

‘तुला साखरेचा त्रास आहे. तू पण इथंच आडवी पडलीस तर मी कुणाकडे बघू? जा म्हणते ना.’

‘बाई गं, तुझ्यापुढं कोण बोलणार,’ ती म्हणाली आणि उठली. पिशवी माझ्याकडेच ठेवून गेली. तिचा मोबाइलही त्याच पिशवीत होता. जाता जाता मागं वळून म्हणाली, ‘डॉक्टरीणबाई काही विचारायला आली तर मला हाक मार.’

‘कुठं हाक मारू? पोचशील तर आधी.’

ती गेली त्याला वीस मिनिटंसुद्धा झाली नसतील. दार उघडलं.

‘राजमती चौगुले यांचे नातेवाईक?’

छोट्या खोलीत खिडकी नव्हती. एक टेबल, दोन खुर्च्या. डॉ. नाडगौडा उभ्याच होत्या. हिरव्या टोपीची कड कपाळावर रुतलेली होती. टेबलावर हिरव्या कापडाखाली स्टीलचा ट्रे होता. त्यांनी कापड बाजूला केलं.

‘हे पानथरीजवळचं, डाव्या बरगडीखालचं. हे यकृताच्या कडेचं. दोन्ही पूर्ण निघालं.’

पिवळट, बोरांच्या घोसासारखं काहीतरी होतं. आप्पा वाकून बघायला लागले. मी त्यांचा दंड धरला.

‘आता एकच राहिलंय,’ डॉक्टर म्हणाल्या. ‘आतड्याला चिकटलेलं. तासून निघेल का ते बघितलं. नाही निघत. आतड्याच्या भिंतीत गेलंय. तो तुकडा काढला तर पोटात डोळ्यांना दिसेल असं काही उरणार नाही. पण मग पिशवी. जोडायचा धोका मी घेणार नाही.’

‘आणि ठेवलं तर?’

‘तर ते राहिलं.’

त्यांनी हातमोजे घातलेले नव्हते. बोटं पाण्यात खूप वेळ राहिल्यासारखी सुरकुतलेली होती.

‘मला विचाराल तर मी काढा म्हणेन. पण राजमतीताई कागदावर नको म्हणाल्यात. भूल देण्याआधी मी परत विचारलं, तर एवढंच म्हणाल्या, वेळ आली तर त्रिशलाला विचारा. तुम्हीच ना त्या?’

‘आणखी काय म्हणाली ती?’

‘एवढंच. मग डोळे मिटले.’

‘काय म्हणत्यात?’ आप्पांनी विचारलं. मी त्यांच्या कानाशी सगळं सांगितलं. ट्रेकडे बघतच त्यांनी ऐकलं. मग म्हणाले, ‘तू शिकल्याली हाईस. तुझं नाव घेतलंय तिनं. तू सांगशील ते.’

‘मला आत जायचंय,’ डॉक्टर म्हणाल्या.

मी वर पाहिलं. त्या खोलीत मला फक्त न्हाणीघरातली आई दिसत होती, हातात केस घेतलेली. तिनं माझं नाव घेतलं होतं, म्हणजे तिचा शब्द राखायचं काम माझ्यावर सोपवलं होतं. या वेळी तरी मी तो राखीन असा तिला भरवसा वाटला होता. मला तसंच वाटलं.

‘नको,’ मी म्हटलं.

‘नक्की?’

‘तिनं सांगितलंय.’

डॉक्टरांनी कागद पुढं केला. मी सही केली, वेळ घातली. पाच वाजून बारा मिनिटं. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं होतं.

मावशी साडेपाचला परत आली. धापा टाकत, तोंडसुद्धा नीट न पुसता.

‘झालं?’

‘होत आलंय. डॉक्टर येऊन गेल्या.’ मी तिला सगळं सांगितलं.

‘मग तू काय म्हणालीस?’

‘नको म्हटलं. सही केली.’

मावशी खुर्चीवर बसली. ‘सही केलीस?’

‘हो.’

‘कधी?’

‘झाली असतील पंधरा-वीस मिनिटं.’

ती ताडकन उठली आणि दाराशी असलेल्या माणसाकडे गेली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. त्यानं आत जाऊन येऊन सांगितलं ते मात्र ऐकू आलं. ‘टाके घालायला घेतलेत, मावशी. अर्ध्या तासात बाहेर आणतील.’ मावशी थोडा वेळ त्या बंद दाराकडे तोंड करून उभी राहिली. मग सावकाश परत आली.

‘काय झालं?’ मी विचारलं.

‘काही न्हाई.’

‘मग त्याला काय विचारलंस?’

‘बाहेर कधी आणतील ते. आप्पांना चहा सांग. सकाळपासून बसल्यात.’

मी चहा आणायला गेले.

आई दुसऱ्या दिवशी दुपारी पूर्ण शुद्धीवर आली. मी शेजारी होते. तिनं डोळे उघडले, छताकडे पाहिलं, आणि तिचा उजवा हात चादरीखाली सरकला. पट्ट्यांवरून डाव्या बाजूला गेला. तिथं थांबला. जरा वर गेला, जरा खाली आला.

‘न्हाई लावली?’ तिचा आवाज घोगरा होता.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘मी लावू दिली नाही.’

‘मग सगळं निघालं?’

मी तिला खरं सांगितलं. खरं सांगायचं हेही मी ठरवूनच आले होते. दोन निघाल्या, एक राहिली. ती तू नको म्हणालीस म्हणून.

हात चादरीखाली तिथंच होता.

‘बरं केलंस,’ ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, ‘पाणी देतात का बघ. न्हाईतर ओठाला तरी लाव.’

मी कापूस भिजवून तिच्या ओठांना लावला. पायाशी उभी असलेली मावशी खिडकीकडे तोंड करून चादरीची घडी घालत होती. तीच घडी तिनं तीनदा मोडून घातली.

पुन्हा सलाईन सुरू झाली. या खेपेला आईनं नको म्हटलं नाही. एकदाही नाही. तारखा तिच्या लक्षात असत, आदल्या दिवशी ती स्वतः हॉस्पिटलला न्यायची पिशवी भरून ठेवी. मला वाटलं, तिचं मन शांत झालंय. एप्रिलमध्ये स्कॅन झाला. रिपोर्ट मी लिफ्टमध्येच वाचला आणि परत पाकिटात घातला. डॉ. नाडगौडांनी तो वाचला, चष्मा काढला, आणि आईशी इकडचं तिकडचं बोलायला लागल्या. भूक कशी आहे, झोप लागते का.

आईनं त्यांना मध्येच थांबवलं.

‘मॅडम, एक विचारू? आता ती पिशवी लावली तर काही होईल का?’

डॉक्टरांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे.

‘आता ते एका जागी राहिलेलं नाही, राजमतीताई,’ डॉक्टर म्हणाल्या.

‘म्हणजे न्हाई.’

‘नाही.’

‘बरं,’ आई म्हणाली आणि उठली. पदर नीट घेतला. दारात वळून त्यांना नमस्कार केला.

बाहेर लिफ्टसमोर गर्दी होती, म्हणून आम्ही भिंतीलगतच्या बाकावर बसलो. खाली गाडीत आप्पा वाट बघत होते.

‘आई, तू नको म्हणाली होतीस.’

‘म्हटलं होतं की.’

‘मग?’

तिनं हातातलं पाकीट मांडीवर आडवं ठेवलं. ‘कांचनला ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सांगून ठेवलं होतं. म्हटलं, पुढच्या चातुर्मासाला तू आमच्या दारात उभी राहा, शुद्धी तू बोल. मी लांब बसून सांगीन काय करायचं ते. ती हो म्हणाली. रडली जरा, पण हो म्हणाली.’

‘मग मला का नाही सांगितलंस? डॉक्टरांना का नाही सांगितलंस?’

‘कसं सांगायचं गं?’ ती माझ्याकडे न बघता म्हणाली. ‘चाळीस वर्षं दारात उभं राहून काया शुद्ध म्हटलं. आणि आता आपल्याच तोंडानं म्हणायचं, की ते असू दे, मला जगायचंय, लावा ते पोटावर? माझ्या तोंडात येईना ते. तू केलंस असं झालं असतं तर गावाला, महाराजांना, मला स्वतःला तरी सांगता आलं असतं, पोरीनं केलं, माझा इलाज नव्हता.’

लिफ्टचं दार उघडलं. माणसं बाहेर आली, माणसं आत गेली. आम्ही उठलो नाही.

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. पाच महिन्यांनी, भाद्रपदात, ती गेली.

‘म्हणून तर तुझं नाव सांगितलं त्यांना,’ आई म्हणाली. ‘मला वाटलं, तू काय माझं ऐकणार न्हाईस.’